फिरती चकती आणि मुकी चिप

गोष्ट १९९९ च्या ऑगस्टमधली. बेळगावचा पाऊस ज्यांनी अनुभवला आहे त्यांना त्याचे वर्णन सांगायला नको. आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, दोरीवरचे कपडे वाळत नाहीत आणि वीज दिवसातून दहा वेळा जाते-येते. त्या दिवशी सकाळपासून वीज तीनदा गेली होती. चौथ्यांदा आली तेव्हा मी संगणक सुरू केला. एरवी बटण दाबले की पेटीतून बारीक घरघर यायची. त्या दिवशी तिच्याऐवजी ‘कट्... कट्... कट्...’ असा आवाज येऊ लागला. कुणीतरी आतून पेन्सिलीने टिचक्या माराव्यात तसा.

दुरुस्ती करणारा मुलगा संध्याकाळी भिजत आला. त्याने पेटीला कान लावला, दोन मिनिटे ऐकले आणि माझ्याकडे न बघताच म्हणाला, “काका, हार्ड डिस्क होय्तु.”

आपल्याकडच्या मराठी घरांत ‘होय्तु’ या शब्दाचा अर्थ कुणी विचारत नाही. दूध नासले, बस चुकली, करंट गेला, सगळ्याला हा एक कन्नड शब्द पुरतो. पण त्या दिवशी माझे नेमके काय गेले होते, ते त्या मुलाला ठाऊक नव्हते.

आमच्या वडिलांचा छोटा छापखाना होता. मराठी आणि कन्नड, दोन्ही लिप्यांचे शिशाचे खिळे त्यांच्या लाकडी केसांत असत आणि लग्नपत्रिका बहुधा दोन्ही भाषांत छापल्या जात. पुढे खिळ्यांचा जमाना संपला आणि १९९६ साली मी कर्ज काढून संगणक घेतला. त्यात १.२ गिगाबाइटची हार्ड डिस्क होती. “ही तुमची जन्मात भरायची नाही,” असे विकणाऱ्याने मला छातीवर हात ठेवून सांगितले होते. दिवसभर गिऱ्हाइकांची कामे करून रात्री मी त्यावर एक खासगी काम करीत असे. माझ्या आत्याच्या जात्यावरच्या ओव्या टाइप करण्याचे.

आत्या खानापूरकडची, पण तिला दिली होती बैलहोंगलच्या बाजूला, अस्सल कानडी मुलखात. त्यामुळे तिच्या ओव्यांत माहेर मराठीत आणि सासर कन्नडमध्ये यायचे. एका ओळीत दोन्ही भाषा अशा सहज नांदायच्या की कुठे एक संपली आणि कुठे दुसरी सुरू झाली, ते कळू नये. अशा ओव्या मी कुठल्याही पुस्तकात वाचलेल्या नाहीत. १९८८ आणि १९८९ च्या उन्हाळ्यात तिच्यासमोर बसून मी त्या तीन वह्यांत उतरून घेतल्या. “लिव्हून घे बाबा, मी काय जन्माला पुरणार हाय व्हय?” असे ती म्हणायची. ती १९९७ साली गेली. १९९८ च्या दिवाळीपर्यंत सगळ्या ओव्या संगणकात गेल्या. त्याच दिवाळीच्या साफसफाईत त्या तीनपैकी दोन वह्या मी स्वतःच्या हाताने रद्दीत घातल्या. “आता संगणकात आहे की सगळं!” असे बायकोला वर ऐकवले. तिसरी वही केवळ कपाटामागे पडली होती म्हणून वाचली.

हा दोष यंत्राचा नाही, माझा आहे. पण त्या ‘कट् कट्’ने मला एक नाद लावला. ज्या पेटीवर आपण इतका आंधळा विश्वास टाकला ती आहे तरी काय, ती कुणी केली आणि तिच्या पोटात काय चालते, हे मी मिळेल तिथून वाचू लागलो. गेल्या पंचवीस वर्षांत त्या पेटीतली फिरती चकती जाऊन तिच्या जागी न फिरणारी, आवाज न करणारी चिप आली. हा बदल आपल्यापैकी बहुतेकांच्या घरांत आणि खिशांत होऊन गेला, पण त्याचा इतिहास मराठीत फारसा सांगितला जात नाही. म्हणून हा खटाटोप.

* * *

संगणकाला स्मृती हवी हे आरंभापासून सर्वांना ठाऊक होते. प्रश्न होता तो स्वस्त, मोठ्या आणि चटकन सापडणाऱ्या स्मृतीचा. पंचकार्डे होती, चुंबकीय फिती होत्या. पण फितीचा दोष असा की शेवटची नोंद हवी असेल तर सगळी फीत पुढे सरकवावी लागते. कीर्तनाच्या कॅसेटमधला एखादाच अभंग शोधताना आपली जी गत व्हायची तीच.

यावर तोडगा निघाला तो अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सान होसे या गावी. आयबीएम कंपनीने १९५२ साली तिथे एक लहानशी प्रयोगशाळा काढली आणि तिचा प्रमुख म्हणून रेनॉल्ड जॉन्सन यांना पाठवले. हे गृहस्थ पूर्वी मिशिगन राज्यात शाळामास्तर होते. उत्तरपत्रिकेवरच्या पेन्सिलीच्या खुणा वाचून गुण देणारे यंत्र त्यांनी तयार केले होते आणि त्यामुळेच ते आयबीएममध्ये आले. त्यांच्या मंडळींनी ठरवले की फितीऐवजी ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या चकत्या घ्यायच्या, त्यांना चुंबकीय लेप द्यायचा आणि त्या सतत फिरत ठेवायच्या. वाचणारा हात हवा तिथे थेट जाईल, मधल्या नोंदी ओलांडत बसायला नको.

कल्पना सोपी होती, पण चकतीवर लेप सारखा कसा बसवायचा? यावर त्यांनी जी युक्ती काढली ती आपल्या स्वयंपाकघरात शोभावी अशी आहे. लोहाच्या गंजाचा रंग बायकांच्या तलम पायमोज्याच्या कापडातून गाळून घ्यायचा, कागदी पेल्यात भरायचा आणि गरगर फिरणाऱ्या चकतीच्या मध्याजवळ ओतायचा. चकतीच्या फिरण्यानेच रंग कडेपर्यंत सारखा पसरे. तव्यावर घावन पसरावे तसा, फक्त इथे पळीचे काम तवाच करी.

१९५६ च्या सप्टेंबरमध्ये ‘रामॅक ३०५’ हे यंत्र जाहीर झाले. त्याच्या चकत्यांच्या भागाचे नाव होते ‘आयबीएम ३५०’. त्यात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या एकावर एक रचलेल्या होत्या आणि त्या मिनिटाला १२०० फेरे घेत. सगळ्या मिळून ५० लाख अक्षरे मावत. आपल्या हातातल्या या दिवाळी अंकासारखे दहा-बारा अंक, बस्स. वजन एक टनाहून अधिक, आकार दोन मोठ्या गोदरेजच्या कपाटांएवढा. हे यंत्र बहुधा भाड्याने दिले जाई आणि सबंध यंत्रणेचे भाडे महिना ३,२०० डॉलर होते. तरीही गिऱ्हाइके मिळाली. कारण व्यापाऱ्याला हवी ती खतावणी एका सेकंदाच्या आत समोर येते, ही गोष्ट त्याआधी कुणी पाहिली नव्हती.

पुढची मोठी पायरी १९७३ ची. चकती आणि तिच्यावर फिरणारे वाचनशीर्ष, म्हणजे ज्याला आपण ‘हेड’ म्हणतो ते, या दोहोंना एकाच बंद डब्यात ठेवण्याची कल्पना आयबीएमच्या ‘३३४०’ या यंत्रात आली. ३० मेगाबाइटचे दोन भाग अशी आरंभीची योजना असल्याने ‘तीस-तीस’ हा आकडा झाला आणि त्याच आकड्याच्या प्रसिद्ध बंदुकीवरून यंत्राला ‘विंचेस्टर’ हे टोपणनाव पडले. आज जगातली प्रत्येक हार्ड डिस्क याच विंचेस्टरच्या कुळातली आहे.

१९८० साली सीगेट कंपनीने सव्वापाच इंची चकतीची ५ मेगाबाइटची हार्ड डिस्क बाजारात आणली. किंमत १,५०० डॉलर. म्हणजे रामॅकच्या दोन कपाटांत जेवढे मावत होते त्याहून काकणभर जास्तच, ते चोवीस वर्षांत एका जाड शब्दकोशाएवढ्या खोक्यात आले. १९८३ च्या आयबीएम पीसी एक्सटीमध्ये १० मेगाबाइटची डिस्क बसवलेली मिळू लागली आणि हार्ड डिस्क कचेरीतल्या टेबलावर आली.

त्यानंतरचा वेग डोळे दिपवणारा आहे. १९८८ मध्ये फ्रान्सचे आल्बेर फेर आणि जर्मनीचे पीटर ग्र्युनबर्ग यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे एक शोध लावला. अतिशय पातळ धातूंचे थर एकावर एक दिले, तर क्षीण चुंबकीय क्षेत्रानेही त्यांचा विद्युतरोध बराच बदलतो. त्या तत्त्वावरचे अतिसंवेदनशील हेड आयबीएमने १९९७ मध्ये हार्ड डिस्कमध्ये आणले. बारीकशी चुंबकीय खूणही वाचता येऊ लागल्यावर खुणा अधिक दाट लिहिता आल्या आणि डिस्कची क्षमता झपाट्याने वाढत गेली. २००७ साली पहिली १ टेराबाइटची, म्हणजे हजार गिगाबाइटची डिस्क आली आणि त्याच वर्षी फेर व ग्र्युनबर्ग यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. माझी ‘जन्मात न भरणारी’ १.२ गिगाबाइटची डिस्क तिच्यात आठशेहून अधिक वेळा मावली असती.

* * *

आता त्या ‘कट् कट्’कडे येतो.

टेबलावरच्या संगणकातली साडेतीन इंची डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. हिशेब केला तर चकतीची कड ताशी सव्वाशे किलोमीटरहून अधिक वेगाने धावत असते. तिच्यावर हेड टेकत नाही. फिरण्याने जो हवेचा पातळ थर तयार होतो त्यावर ते तरंगते आणि आजच्या डिस्कमध्ये हे अंतर अवघ्या काही नॅनोमीटरचे असते. माणसाचा केस साठ-सत्तर हजार नॅनोमीटरहून जाड असतो, एवढे सांगितले म्हणजे पुरे. अशा स्थितीत धक्का लागला, हेड बिघडले किंवा चकतीवर घासले, की लेप खरवडला जातो आणि त्याबरोबर त्यावर लिहिलेलेही जाते. मी ऐकला तो आवाज हाताचा होता. तो आपली जागा शोधायला पुन्हा पुन्हा जात होता आणि ती न सापडून परत येत होता.

हार्ड डिस्कची दुसरी मर्यादा वेळेची. एखादी नोंद हवी असेल तर आधी हात योग्य वर्तुळावर जायला हवा. याला आठ-नऊ मिलिसेकंद लागतात. मग हवा तो भाग फिरत हेडखाली यायला हवा. ७,२०० फेऱ्यांच्या डिस्कला एक फेरा पुरा करायला ८.३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे सरासरीने त्याच्या निम्मे, सुमारे सव्वाचार. असे दर खेपेला बारा-तेरा मिलिसेकंद. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग, तेव्हा हे फार वाटत नाही. पण संगणक सुरू होताना हजारो लहान लहान फायली ठिकठिकाणाहून गोळा कराव्या लागतात आणि अशा खेपा सेकंदाला जेमतेम शंभरच होतात. वाचनालयातल्या शिपाईमामांना एकेक पुस्तक आणायला आतल्या खोलीत पाठवावे, आणि यादी हजारांची असावी, तसे हे काम. मामा कितीही चपळ असोत, पायांनीच जाणार. सकाळी संगणकाचे बटण दाबून आपण चहा ठेवायला जात होतो, त्याचे मुख्य कारण हेच.

* * *

चिपची गोष्ट जपानमधली. तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका नावाचे अभियंते होते. वीज गेली तरी न विसरणारी आणि तरीही स्वस्तात करता येईल अशी सिलिकॉनची स्मृती त्यांना हवी होती. पाया आधीच घातला गेला होता. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत दावोन कांग आणि सायमन झी यांनी ‘तरंगत्या द्वारा’ची कल्पना मांडली होती. ट्रान्झिस्टरच्या पोटात एक बारीक कप्पा असतो आणि तो चहूबाजूंनी विद्युतरोधक थराने बंद केलेला असतो. जास्त दाबाची वीज देऊन त्यात इलेक्ट्रॉन ढकलले की ते आत अडकून पडतात. वीज काढून घेतली तरी वर्षानुवर्षे आतच. कप्प्यात इलेक्ट्रॉन आहेत की नाहीत, यावरून शून्य की एक ते ठरवायचे.

मासुओकांनी या कप्प्यांची अशी मांडणी केली की ते फार दाट बसवता यावेत. त्यासाठी त्यांनी एक सवलत सोडून दिली. एकेक कप्पा वेगळा पुसण्याची सोय ठेवली नाही, एक सबंध गट एकदम पुसायचा. शाळेतल्या पाटीवर ओळ एकेक लिहिता येते, पण पुसायची तर सगळी पाटीच, तसे. कॅमेऱ्याचा फ्लॅश उडावा तसे क्षणात सगळे पुसले जाते म्हणून एका सहकाऱ्याने ‘फ्लॅश’ हे नाव सुचवले. हे संशोधन १९८४ मध्ये जगापुढे आले आणि आज जी सर्वत्र वापरली जाते ती ‘नँड’ जातीची फ्लॅश १९८७ मध्ये मांडली गेली.

या शोधाचे मोल त्यांच्या घरी लगेच कळले असे नाही. मासुओकांनी १९९४ मध्ये कंपनी सोडून तोहोकू विद्यापीठात अध्यापन पत्करले. पुढे आपल्या शोधाच्या मोबदल्यासाठी त्यांनी २००४ मध्ये कंपनीवर शंभर कोटी येनचा दावा लावला आणि २००६ मध्ये ८ कोटी ७० लाख येनवर तडजोड झाली. ज्या वस्तूवर साऱ्या जगाचे फोटो साठवले जातात तिच्या जनकाची ही कहाणी.

या चिपा जोडून हार्ड डिस्कच्या जागी बसेल अशी वस्तू करण्याचा मान ‘सनडिस्क’ कंपनीकडे जातो. १९८८ मध्ये ती काढणाऱ्या तिघांपैकी एक संजय मेहरोत्रा हे कानपूरचे. १९९१ साली या कंपनीने फ्लॅश चिपांची २० मेगाबाइटची डिस्क आयबीएमसाठी तयार केली. किंमत सुमारे हजार डॉलर. तेवढ्याच क्षमतेची फिरती डिस्क कितीतरी स्वस्त मिळत असताना ही कोण घेणार? लष्कर, विमाने, कारखान्यांतली यंत्रे, जिथे धक्के बसतात तिथेच ती गेली. घरापर्यंत यायला आणखी पंधरा-वीस वर्षे लागली.

घरात ती आधी आली ती आडवाटेने. डिजिटल कॅमेऱ्याच्या कार्डातून, आणि २००० नंतर पेनड्राइव्हमधून. पेनड्राइव्ह ज्या खाचेत बसतो त्या यूएसबीचा आराखडा करणाऱ्या इंटेलमधल्या गटाचे प्रमुख अजय भट्ट हे वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी. तिकडच्या आपल्या मराठी मंडळींना हे वाचून बरे वाटेल. २००५ मध्ये ॲपलने ‘आयपॉड नॅनो’ या गाण्यांच्या यंत्रात चकती न वापरता फ्लॅश वापरली. त्यानंतर मोबाइल फोनमुळे चिपांचे उत्पादन इतके वाढले की किंमती उतरू लागल्या. २००८ च्या सुमारास लॅपटॉपमध्ये ‘सॉलिड स्टेट ड्राइव्ह’, म्हणजे आपण जिला एसएसडी म्हणतो ती, मागून घेता येऊ लागली. नेमके २०११ मध्ये थायलंडला महापूर आला, हार्ड डिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले आणि फिरत्या डिस्कच्या किंमती भडकल्या. २०१३ पासून तर कप्पे एका पातळीवर न ठेवता मजल्यावर मजले चढवून बांधण्याची पद्धत सॅमसंगने बाजारात आणली. जागा तेवढीच, बिऱ्हाडे अनेक पटींनी!

* * *

माझ्या घरी एसएसडी आली २०१८ मध्ये. पुतण्या हैदराबादहून दिवाळीला आला होता. माझा सहा वर्षांचा संगणक तो विकायला सांगेल असे मला वाटले. तो म्हणाला, “काका, संगणक चांगला आहे, फक्त याची चकती बदलू या.” कांद्याच्या भज्यांचा एक घाणा होईस्तोवर त्याने विड्याच्या पानाएवढी एक हलकी वस्तू आत बसवली. हातात घेतली तर रिकामी डबी वाटावी. आधी पडद्यावर अक्षरे उमटायला तीन-चार मिनिटे लागत, ते काम पंधरा-वीस सेकंदांवर आले. बाकी यंत्र तेच होते.

कारण उघड आहे. इथे शिपाईमामांना उठायचेच नाही. चिपमधला कोणताही कप्पा वाचायला साधारण मिलिसेकंदाचा दहावा भाग लागतो. शिवाय एका वेळी अनेक चिपा कामाला लागतात. सरळ ओळीने मोठी फाईल वाचताना साध्या हार्ड डिस्कचा वेग सेकंदाला शंभर-दोनशे मेगाबाइट असतो, साध्या एसएसडीचा पाचशेच्या आसपास, आणि नव्या एनव्हीएमई जातीच्या एसएसडीचा काही हजार. पण रोजच्या वापरात खरा फरक पडतो तो लहान लहान खेपांमुळे. तिथे शंभरच्या जागी हजारो खेपा होतात.

मग फिरती चकती मोडीत निघाली का? तसेही नाही. आपण फोनवरचे फोटो ‘क्लाउड’मध्ये ठेवले असे म्हणतो. ते ढगात नसतात, कुठल्यातरी प्रचंड कोठारात असतात, आणि त्यातला मोठा भाग अजून फिरत्या चकत्यांवरच असतो. २०२४ मध्ये सीगेटने ३० टेराबाइटची हार्ड डिस्क आणली. तीत लेसरने चकतीचा बिंदू क्षणभर तापवून खूण लिहितात. जितके साठवायचे त्या मानाने पैसे मोजले तर फिरती डिस्क आजही स्वस्त पडते.

एसएसडीचेही दोष आहेत. इलेक्ट्रॉन कप्प्यात ढकलताना आणि काढताना त्याची भिंत दर खेपेला थोडी झिजते. एका कप्प्यात एकच बिट ठेवणाऱ्या जुन्या चिपा लाखभर वेळा पुसता येत. आता स्वस्ताईसाठी एका कप्प्यात तीन-चार बिट कोंबतात, तेव्हा हा आकडा हजार ते तीन हजारांवर किंवा त्याहूनही खाली येतो. हे ऐकून घाबरू नये. एसएसडीतला नियंत्रक लिखाण सगळ्या कप्प्यांवर सारखे वाटतो. एकाच बैलाला रोज न जुंपता पाळी लावावी, तसे. घरगुती वापरात ही झीज जाणवायच्या आत बहुधा संगणकच जुना होतो.

खरा दोष वेगळा आहे. हार्ड डिस्क बहुतेक वेळा मरण्यापूर्वी कण्हते. आवाज बदलतो, फाईल उघडायला वेळ लागतो, म्हणजे शहाण्याला इशारा मिळतो. शिवाय तज्ज्ञाकडे नेली तर चकतीवरचे काही ना काही परत मिळू शकते. एसएसडी मुकी आहे. काल रात्री ठणठणीत, आज सकाळी नाहीच. तिच्यावरून चुकून पुसलेली फाईल परत मिळण्याची आशाही कमी, कारण मोकळे झालेले कप्पे ती स्वतःच पुसून पुढच्या लिखाणासाठी तयार ठेवते. आणि वीज न देता वर्षानुवर्षे कपाटात ठेवली तर अडकलेले इलेक्ट्रॉन हळूहळू निसटू शकतात. तेव्हा नातवंडांसाठी ठेव म्हणून एसएसडी कपाटात टाकणे शहाणपणाचे नाही.

म्हणून मला कुणी विचारले की काय घ्यावे, तर मी सांगतो: संगणक ज्यावर चालतो ती एसएसडीच असू द्या. घरगुती कामाला २५६ किंवा ५१२ गिगाबाइट पुष्कळ होतात. फोटो, चित्रफिती, जुनी कागदपत्रे यांची प्रत बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कवर ठेवा. तिसरी प्रत दुसऱ्या गावी, मुलाकडे, भावाकडे किंवा क्लाउडमध्ये. दोन्ही यंत्रे मर्त्य आहेत, फक्त मरण्याची रीत वेगळी.

* * *

आत्याच्या ओव्यांचे पुढे काय झाले ते सांगतो. तिसरी वही होतीच. २००९ साली एका निवृत्त शिक्षकांकडे माझी एक फ्लॉपी सापडली. १९९७ मध्ये एका अंकासाठी मी त्यांना ओव्यांचा एक भाग त्यावर दिला होता. फ्लॉपी वाचणारे यंत्र शोधण्यात महिना गेला. ती वाचली गेली खरी, पण पडद्यावर आले ते कंस, टिंबे आणि रोमन अक्षरांचे कडबोळे! त्या काळी प्रत्येक मराठी फाँटची आपली वेगळी सांकेतिक मांडणी असे आणि तो फाँट नव्या संगणकात नव्हता. अक्षरे शाबूत, पण वाचता येत नाहीत. आपल्यापैकी किती घरांत मोडीतले दप्तर असेच पडून आहे! कागद धड, शाई धड, वाचणारा मात्र गेला. शेवटी एका ओळखीच्या मुलाने तक्ता लावून ते सारे युनिकोडमध्ये आणून दिले. वही आणि फ्लॉपी मिळून निम्म्याहून थोड्या अधिक ओव्या हाती आल्या. बाकीच्यांतल्या काहींचे सूर मला आठवतात, शब्द आठवत नाहीत.

२०२१ च्या पावसाळ्यात माझी एसएसडी गेली. ना आवाज, ना इशारा. पडद्यावर एवढेच आले की डिस्क सापडत नाही. दुरुस्तीला तोच मुलगा आला, आता त्याच्याही कानशिलावर पांढरे केस आहेत. त्याने सवयीने पेटीला कान लावला आणि स्वतःच हसला, कारण ऐकायला आत काहीच नव्हते. मग म्हणाला, “काका, होय्तु.”

“होऊ दे,” मी म्हणालो. ओव्यांची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर होती, एक हैदराबादला, आणि एक कागदावर छापून, शिवून, तिसऱ्या वहीशेजारी कपाटात. नवी एसएसडी आणली, दुपारपर्यंत सगळे परत जागेवर आले.

आमच्या छापखान्यात लक्ष्मीपूजनाला वहीपूजन असे. ती चाल मी मोडलेली नाही. त्या संध्याकाळी हिशेबाच्या वहीशेजारी बाहेरची हार्ड डिस्कही ठेवतो, तिला हळदकुंकू लावायच्या आधी ती जोडून, एक-दोन फायली उघडून बघतो आणि झाकणावर तारीख लिहितो. वाचकहो, यंदा तुम्हीही एवढे करा. आणि साफसफाईत एखादी जुनी वही हाती लागली, तर “संगणकात आहे की” म्हणून ती रद्दीत टाकू नका. माझ्या दोन वह्या रद्दीवाल्याने किलोच्या भावाने नेल्या. त्या दिवशी त्याने मला किती पैसे दिले ते मला अजून आठवते, पण इथे लिहिण्याची लाज वाटते.